बांधावरचा कुर्डू

आमच्या गावातली सगळ्यात देखणी फुलं भांडणावर वाढली.

गोटीराम आणि पुंजाराम हे चुलतभाऊ. दोघांच्या द्राक्षबागा लागून, मध्ये बांध. इकडे जो बांध साफ करतो तो पुढे म्हणतो, बांध माझा. म्हणून गोटीराम पुंजारामला विळा लावू देईना आणि पुंजाराम गोटीरामला. दोघांच्या बागांत औषधाला गवत सापडणार नाही, पण मधल्या बांधावर कुर्डू छातीपर्यंत माजलेला. गुलाबी-पांढरे तुरे, हजारोंनी.

मी सोसायटीचा निवृत्त सेक्रेटरी. माणसांच्या जमा-नावेची सवय सुटत नाही, म्हणून दसऱ्यानंतर दोघांना समोरासमोर बसवलं. ठरलं असं, की सोमवारी सकाळी दोघांनी एकाच वेळी आपापल्या बाजूनं कापत मध्यापर्यंत यायचं. मध्य नेमका कुठला, हा विषय मी मुद्दामच काढला नाही. मिटवामिटवीत सगळेच प्रश्न विचारायचे नसतात.

या तडजोडीत मंजुषाला कुणी धरलंच नव्हतं. ती गोटीरामची सून, नाशिकची. बापाचा पंचवटीत फोटो स्टुडिओ. त्याचा जन्म लोकांना ‘हलू नका’ सांगण्यात गेला, आणि ही पोरगी मुद्दाम हलवून फोटो काढते. शटर हळू ठेवायचं आणि ते उघडं असताना कॅमेरा फुलांच्या झोक्याबरोबर न्यायचा. जमलं तर फुलं रंगाच्या वाहत्या रेघा होतात. नाशिकच्या प्रदर्शनाला तिला एकच फोटो पाठवायचा होता, आणि मुदत त्याच सोमवारी संध्याकाळी संपत होती. आजवर काढलेल्यांत एक तर फुलांचा काला झाला होता, नाही तर देठ हवालदारासारखे ताठ उभे. फुलं मात्र त्याच सकाळी जाणार होती.

सोमवारी उजाडताना मी पोचलो तेव्हा ती बांधाच्या टोकाला ओणवी होती. तिची सासू आक्काबाई किटली घेऊन उभी.

“लग्नात हात चांगला होता हिचा,” आक्काबाई मला म्हणाली. “हितं आल्यावर थरथराया लागला.”

गोटीराम विळा घेऊन येरझाऱ्या घालत होता. हा माणूस जेवतानाही एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवतो.

“झालं का गं? फूलच हाय ना, पळून चाललंय का?”

“बाबा, वारा यायचाय.”

“वारा यायची वाट कोण बघतं? आम्ही फवारणीला वारा जायची वाट बघतो!”

मंजुषा एकदा कुर्डूकडे बघे, एकदा पूर्वेकडे. ऊन वर आलं की इतका वेळ शटर उघडं ठेवता येत नाही, फोटो पांढराफटक होतो.

तेवढ्यात पुंजाराम आला. पांढरा शर्ट, नवा विळा. कॅमेरा बघून जागीच थांबला.

“सेक्रेटरी, हे काय चाललंय?”

“फुलांचे फोटो.”

“फुलांचे! आठवडाभर बघतोय मी. रोज उजाडलं की बांधाचे फोटो. म्हणजे मी कापायचं, आन उद्या मोजणीवाल्याला ही दाखवणार, बांध हितपर्यंत होता म्हणून! नाय जमायचं. मिटवणं रद्द.”

गोटीरामच्या नावे एक जुनी खोट आहे. खोटा आरोप झाला की तो खरा करून दाखवायची त्याला भारी घाई.

“काढला असंल पुरावा! भितो का?”

“मी भितो? तूच भितो, म्हणून तर सुनेला पुढं केली!”

सूर्य द्राक्षाच्या तारांवर आला. मंजुषानं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि सरळ चालत जाऊन कॅमेरा पुंजारामच्या हातात दिला.

“तात्या, तुम्हीच बघा.”

त्यानं शर्टाला हात पुसले. एक फोटो बघितला, दुसरा बघितला. कॅमेरा आडवा धरला, उभा धरला.

“यात बांध कुठंय?”

“नाहीये.”

“आन माझे खांब?”

“ती करडी रेघ बघा. ते तुमचे खांब.”

“आन याची हद्द?”

“तीही त्यातच गेली.”

“आण इकडं,” म्हणत गोटीरामनं डोकं घातलं. त्या दोघांची डोकी एका जागी मी कित्येक वर्षांत बघितली नव्हती.

“हे घेऊन कोर्टात गेलो,” गोटीराम म्हणाला, “तर जज्ज मला डोळ्याच्या डॉक्टरकडं धाडील.”

पण पुंजाराम सहजासहजी पटणारा नाही. “चांगले लपवून खराब दाखवत असशील. माझ्यासमोर एक काढ.”

मंजुषा ओणवी झाली. कॅमेऱ्याचं तोंड नेमकं कुठं आहे हे तपासायला पुंजाराम थेट कुर्डूत शिरला. इकडून बघ, तिकडून बघ, एका जागी ठरेना. आणि बागेवरून वारा आला. सगळे तुरे एका अंगाला झुकले.

“बाजूला होऊ का?” त्यानं विचारलं.

“नको तात्या. चालत राहा!”

शटर उघडलं, तिचा हात झोक्याबरोबर गेला, शटर मिटलं.

तिनं पडद्यावर बघितलं आणि कॅमेरा पुंजारामकडे वळवला. गुलाबी रेघा वाहत होत्या, आणि त्यांच्या मधून दुधाची धार सोडावी तसा एक पांढरा पट्टा.

“हा मी?”

“तुम्हीच.”

“तोंड कुठंय माझं?”

“ते नाही आलं.”

“म्हणजे फोटो चांगला आला,” गोटीराम म्हणाला.

पुंजारामनं त्याला एक शिवी हासडली, पण घरातल्या माणसाला देतात तशी. मग विळा उचलला. मंजुषानं कॅमेरा छातीशी धरला होता.

दोघं आपापल्या बाजूनं कापत आले. सुरुवातीला सपासप, मग सावकाश, मग एकेक देठ. मध्ये वीतभर पट्टा उरला तेव्हा दोघंही थांबले.

“काप की.”

“तूच काप. नंतर म्हणशील, पुढं आला.”

“मग राहू दे.”

“राहू दे.”

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी आक्काबाईकडे कप मागितला.

मंजुषा त्या पट्ट्याकडे बघत होती. कुर्डूची एकच ओळ, आता दोन्ही अंगांनी मोकळी, वाऱ्यात पार वाकत होती. ऊन चढलं होतं, फोटो येणार नव्हता. तरी ती पलीकडे गेली, परत आली, उद्या कुठं उभं राहायचं ते बघत राहिली.

चहा झाल्यावर पुंजाराम गोटीरामची पाठ वळायची वाट बघत रेंगाळला. मग हळूच तिला म्हणाला, “उद्या बी पांढराच घालू का?”