चार हजार तेरा

मित्रांनो, डोळे मिटा आणि एक दुकान डोळ्यांसमोर आणा. दाराशी कोणीतरी बसले आहे. आत येणाऱ्या प्रत्येकासाठी ते पाटीवर एक रेघ ओढते. चेहरा पाहत नाही, नाव विचारत नाही. ते कोणीतरी म्हणजे मी. मी भेटी मोजणारा एक जुना आकडा आहे. कपडे शिवणाऱ्या एका मावशींच्या ब्लॉगवर, पानाच्या कोपऱ्यात मी राहतो.

चार वर्षांपूर्वी मावशींनी मला तिथे बसवले, तेव्हा मी शून्य होतो. उसवलेली शिवण, तुटलेले काज, अडलेली चेन यांवर त्या मन लावून लिहीत. पहिल्याच दिवशी मी एकतीस झालो. "एकतीस माणसं!" असे त्यांनी दुकानात येईल त्याला सांगितले. माझे एवढे कौतुक पुन्हा कधी झाले नाही.

पुढे मी चार हजारांवर गेलो. पण लेखांखाली कोणी एक ओळही लिहीत नव्हते. मावशी हळूहळू माझ्याकडे रागाने पाहू लागल्या. एके दिवशी त्यांनी कात्री खाली ठेवली.

"चार हजार लोक येतात आणि एकालाही दोन शब्द लिहावेसे वाटत नाहीत. माझंच लिहिणं भिकार. शनिवारी हे बंद करून टाकते."

सुट्टीला आलेली त्यांची भाची शेजारी टाके उसवत बसली होती. अंगाने काटकुळी आणि बोलण्यात टोचणारी, म्हणून मावशी तिला टाचणी म्हणत.

"मावशी, तू हे दिवसातून किती वेळा उघडतेस?"

"चहा ठेवला की एकदा. इस्त्री तापेपर्यंत एकदा. का गं?"

"बंद कर. आता उघड."

मी चार हजार बाराचा चार हजार तेरा झालो.

"अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं मीच माझ्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून शिरत होते?" मावशी खूप हसल्या. मग टाचणीकडे वळल्या. "आणि खरे किती गं?"

माझ्यामागे नोंदींची एक खोली आहे. तिथे चार वर्षांत कोणी डोकावले नव्हते. टाचणीने ती उघडली आणि मावशींच्या संगणकावरून झालेल्या भेटी बाजूला काढल्या, यापुढच्याही. उरलो तीनशे चाळीस. त्यांतले बहुतेक एकाच पानावर आले होते, अडलेल्या चेनीच्या. एक वाचक तर तिथे नऊ वेळा आला होता, आणि दर वेळी तिसऱ्या फोटोपाशी थांबून परत गेला होता.

"तिथे काय आहे एवढं?" म्हणत मावशींनी चष्मा लावला. फोटोत त्यांचा अंगठा होता. चेनीचा वर-खाली सरकणारा रनर, जो पकडीने हलकेच दाबायचा, तो नेमका त्या अंगठ्याखाली झाकला गेला होता.

"दिसणार कसं त्या बिचाऱ्याला? तुझा अंगठा केवढा!"

"शिंपिणीचा आहे तो, नीट बोल," मावशी म्हणाल्या. पण लगेच उठून त्यांनी एक जुने जाकीट शोधले. टाचणीने नवा फोटो काढला आणि खाली लिहिले, 'अजूनही अडली असेल तर कळवा. मावशी रागावत नाही.'

शनिवार उजाडला. मी फक्त एकाने वाढलो होतो. पण लेखाखाली एक ओळ आली होती : 'सरकली! पण आता माझ्या जाकिटाची बाही उसवली आहे. काय करू?'

मावशींनी ती दोनदा वाचली. बंद करायचे कोणी बोललेच नाही.

मित्रांनो, मला मोजता येते, ओळखता येत नाही. तेव्हा माझ्यासारख्यांना नुसते 'किती' विचारून थांबू नका. कोण आले आणि कुठे अडले, तेही विचारा.

मावशी सुईत दोरा ओवू लागल्या. ओवता ओवता सवयीने त्यांची नजर पुन्हा माझ्याकडे वळली. टाचणीने ते पाहिले. तिने निळ्या कापडाची एक चिंधी कापली आणि चिकटपट्टीने पडद्यावर, बरोबर माझ्यावर चिकटवून टाकली.