पाहुण्यांची खोली

माघ सरत आला होता. कृष्णाकाठच्या काळ्याभोर रानांतून हळद निघत होती. भूमीच्या उदरात नऊ महिने निजलेलं ते पीतवर्ण धन कुदळीच्या घावासरशी उजेडात येत होतं, आणि काहिलींतून उठणाऱ्या वाफांनी सकाळ ओली, उग्र, सोनेरी होत होती.

गावाच्या उशाशी मात्र माळ पसरला होता. तपकिरी, तृणहीन, तापट माळ. वाऱ्याखेरीज तिथं कुणी कधी वस्ती केली नव्हती. त्या माळावर आता घर होणार होतं.

नदीनं काठावरचं घर दोनदा मागितलं होतं. पहिल्या पुरात ती उंबऱ्यापर्यंत आली आणि परत गेली. दुसऱ्या पुरात आढ्यापर्यंत चढली आणि जाताना भिंतींचा जीव घेऊन गेली. तेव्हा निवासनं ठरवलं, आता वर जायचं. माळावर. हौसाक्काच्या माळावर.

हौसाक्का निवासची थोरली बहीण. आई गेली तेव्हा ती अठराची होती, निवास दहाचा. वडील रानात, आणि चूल हिच्या हातात. स्थळं आली, ओसरीवर बसली, चहा पिऊन गेली. दर खेपेला ती म्हणाली, निवास जरा मोठा होऊ दे. निवास मोठा झाला, शिकला, त्याचं लग्न झालं, शालन घरात आली. आणि हौसाक्काच्या केसांत एका चैत्रात अवचित चांदणं उतरलं. दरसाल तिनं हळद काढली, शिजवली, वाळवली. कोपरापर्यंत हात पिवळे झाले. अंगाला मात्र ती हळद कधी लागली नाही.

वडिलांना हे कळत होतं. बोलून दाखवायची त्या पिढीची रीत नव्हती. जाण्याआधी त्यांनी माळाचा दीड एकर तिच्या नावे लावून दिला. चोळीबांगडीला. आपल्या माघारी लेकीला कुणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये म्हणून.

दुसऱ्या पुरानंतरच्या चैत्रात तो दीड एकर तिनं भावाला लिहून दिला. घराचे कागद एकाच नावावर बरे पडतात, असं निवास म्हणाला होता. ती तालुक्याला गेली, सातवीपर्यंतच्या अक्षरात सही केली, आणि येताना शालनच्या पोराला, संग्रामला, पेढे घेऊन आली.

मग भाड्याच्या दोन खोल्यांत, एका निवांत दुपारी, निवास वही घेऊन तिच्यापुढं बसला.

“अक्का, तुला इचारल्याबिगर घर बांधायचं न्हाई. सांग, कसं पायजे.”

त्या एका वाक्यानं तिच्या अंतरात जणू शंभर झरोके उघडले. ती सांगत गेली. स्वयंपाकघराचा कट्टा शालनच्या उंचीचा हवा, तिची कंबर धरते. देवघराला उगवतीचा उजेड हवा. संग्राम अभ्यासाला बसतो त्याला डाव्या हाताला खिडकी हवी, लिहिताना सावली पडत नाही. निवासची लेक प्रणाली माहेरपणाला येईल, जावई येतील, त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये, वेगळी खोली हवी. हळदीची पोती ठेवायला कोरडी कोठी हवी. सांगता सांगता तिच्या डोळ्यांपुढं ते घर उभं राहिलं, प्रशस्त, प्रसन्न, प्रकाशमान. आणि प्रत्येक दारात कुणी ना कुणी हसत उभं होतं.

स्वतःचं तिनं काही सांगितलं नाही. ते आपल्या तोंडानं कसं सांगायचं? ते कुणीतरी विचारायचं असतं. ती थांबली. निवासनं वही मिटली.

पंधरा दिवसांनी नकाशा आला. निळ्या रेघांचा, गुळगुळीत, ऐटदार कागद. शालननं तो चटईवर पसरला, कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. हौसाक्का चष्मा लावून वाकली आणि चौकोना-चौकोनातून बोट फिरवत अक्षरं लावू लागली. हॉल. देवघर. किचन. निवास-शालनची खोली. संग्रामची खोली. पाहुण्यांची खोली. कोठी. पार्किंग.

बोट कागदाच्या काठाशी आलं आणि थबकलं. परत फिरलं. पुन्हा हॉलपासून निघालं, सावकाश, एखादं लहान लेकरू जत्रेत माणूस शोधतं तसं. आणि पुन्हा पार्किंगच्या रेघेशी येऊन उभं राहिलं.

“आन् मी?” तिनं विचारलं. आवाज इतका हलका, की कागदही हलला नाही.

निवास हसला. लबाडीनं नव्हे, अगदी मोकळं, मायेनं हसला. “तुला कशाला खोली, अक्का? सगळं घर तुझंच हाय की.”

“आन् तुम्हाला कुठंबी झोप लागती,” शालन म्हणाली. तेही खोटं नव्हतं. चाळीस वर्षं ती चुलीजवळ, ओसरीवर, बाळंतिणीच्या पायथ्याशी, आजाऱ्याच्या उशाशी झोपली होती. कुठंही झोप लागते, हा तिचा गुण होता. तो गुणच तिच्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला.

फाल्गुनात माळावर चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या. तापल्या तपकिरी भूमीवर शुभ्र चौकोन उमटले. सारे आपापल्या खोलीत जाऊन उभे राहिले. संग्राम त्याच्या खोलीत उभा राहून आरोळ्या देत होता. शालन नसलेल्या कट्ट्यापाशी उभी राहून नसलेल्या खिडकीतून बघत होती.

हौसाक्का रेघांच्या बाहेर होती. मग ती वाकली. माळाचे दगड तिच्या ओळखीचे होते. एकेक उचलून तिनं स्वयंपाकघराच्या पाठीशी, पार्किंगच्या टोकाला, ओळीनं मांडला. आठ पावलं लांब, सहा पावलं रुंद. एका बाजूला तिनं दोन दगडांत अंतर सोडलं. तो दरवाजा. आयुष्यात पहिल्यांदा तिनं काही मागितलं होतं, आणि तेही दगडांच्या तोंडून.

इंजिनिअर भला माणूस होता. त्यानं टेप लावली, मान हलवली. “बसतीय की खोली. काही अडचण नाही. पार्किंग तेवढं आखडंल. मोठी गाडी मावायची नाही, एवढंच.”

निवासनं त्या दगडांकडं बघितलं. माळावरून वारा आला, फक्कीची धूळ उडाली. “पुढंमागं गाडी तर घ्यायचीच हाय,” तो म्हणाला. “अक्काचं काय, अक्का समजून घेती.”

अजून न आलेल्या गाडीला जागा होती. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी आलेल्या माणसाला नव्हती. हौसाक्कानं समजून घेतलं. दगड गवंड्यांनी घराच्या पायाभरणीत टाकले.

घर वाढू लागलं. चौकट बसली, भिंती चढल्या, स्लॅब पडला. आणि रोज सकाळी, रोज तिसऱ्या प्रहरी, हौसाक्का पाण्याची नळी घेऊन त्या नव्या भिंतींना न्हाऊ घालत राहिली. तान्ह्या भिंती पाणी पीत होत्या, पीत होत्या, आणि त्यांची तहान काही केल्या भागत नव्हती. शालनच्या खोलीच्या, संग्रामच्या खोलीच्या, पाहुण्यांच्या खोलीच्या. एकही कोपरा तिनं कोरडा राहू दिला नाही. कडवटपणा जिभेवर येई. ती तो गिळे, आणि पुढच्या भिंतीकडं वळे.

वर्ष उलटलं आणि पुढल्या वैशाखात वास्तुशांत झाली. आंब्याची तोरणं, होमाचा धूर, पुरणाचा दरवळ. हौसाक्काची वळकटी आदल्याच दिवशी कोठीत, हळदीच्या पोत्यांच्या मागं जाऊन बसली होती.

जेवणं आटोपल्यावर अनुसया आली. एका बाकावर बसून दोघी सातवीपर्यंत शिकलेल्या. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती इचलकरंजीला गेली होती. हौसाक्कानं तिला हात धरून घर दाखवलं. ही खोली निवासची, ही संग्रामची, हे देवघर. निवास सुपारीचं ताट घेऊन मागोमाग येत होता.

“आन् तुझी खोली कुठली गं, हौसे?”

बोळात निवासच्या हातातलं ताट थांबलं. कोठीचं दार दोन पावलांवर होतं, अर्धं उघडं.

हौसाक्का कधी खोटं बोलली नव्हती. तिनं दुसरं दार ढकललं. पाहुण्यांच्या खोलीचं. आत नवा पलंग, नवी चादर, चादरीवर निळी फुलं. आणि पूर्वेच्या खिडकीतून खाली, दूरवर, कृष्णेची वैशाखातली कृश रुपेरी रेघ.

“हीच की,” ती म्हणाली. “सकाळचं ऊन येतं हितं.”

अनुसया पलंगावर बसली. चादरीवरून हात फिरवता फिरवता तिचे डोळे भरून आले. “नशिबाची हाईस बाई. चार पोरं वाढवली मी, आन् निजायला जिन्याखाली हाय. तुला भावानं खोली दिली.”

हौसाक्कानं दाराकडं पाहिलं. निवास उंबऱ्यात उभा होता, मान खाली घालून. आणि त्या एका श्वासापुरतं, वेडं, विलक्षण असं काहीतरी तिच्या उरात उमललं. त्यानं काही बोलायची गरज नव्हती. त्यानं नुसतं गप्प राहायचं होतं, आज, उद्या, परवा. खोटं आपोआप खरं झालं असतं.

अनुसया गेली. तिला एसटीत बसवून निवास परत आला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती.

“बरं केलंस, अक्का. चारचौघांत शोभा झाली न्हाई.” मग जरा थांबून म्हणाला, “तेवढी चादर सारखी कर. सांजच्याला प्रणालीच्या सासरची येणार हाईत.”

तिनं चादर सारखी केली. अनुसया बसली होती तिथं एक उबदार खळगा होता. तळहातानं तो पुसला. निळी फुलं सपाट झाली. उशी झटकून जाग्यावर ठेवली, खिडकी लावली, आणि कुणी कधी आलंच नव्हतं अशी ती खोली तिनं मागं सोडली.

परसात भांड्यांचा ढीग पडला होता. ती मागच्या दारानं बाहेर आली. सूर्य माळाच्या कडेवर टेकला होता, तांबडा, थोराड, थकलेला. आणि त्याच्या तिरप्या उजेडात तिची सावली दारातून आत शिरली. स्वयंपाकघर ओलांडून, बोळातून, देवघराच्या उंबऱ्यावरून, हॉलच्या गुळगुळीत फरशीवरून ती लांबच लांब पसरत गेली, आणि पुढच्या भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. इतकी जागा त्या बाईनं उभ्या जन्मात कधी घेतली नव्हती.

आत कुणीतरी बटण दाबलं. दिवे लागले. सावली नाहीशी झाली.

“अक्का,” आतून शालनचा आवाज आला, “मागचं दार लावा, डास येत्यात.”

हौसाक्कानं हात पुढं केला, कडी धरली, आणि दार ओढून घेतलं. बाहेरून. माळावर वारा सुटला होता, उजाड, उदास, अनावर. आणि पश्चिमेची लाली राखेसारखी निवत, निवत चालली होती.