अवसेच्या आदल्या दिवशीचा कोड

निवृत्ती तायडे सकाळपासून तिसऱ्यांदा मोबाईल कानाला लावून "हाव साहेब, पाठवतो साहेब" म्हणत होते. पलीकडच्या एजंटचा आवाज गोड होता. तो गोडवाच वाईट होता, पण त्यांना कुठलं ठाऊक!

"काका, कॉलेजनं बँक बदलली. नवं खातं आणि त्या बँकेचा ओळख-क्रमांक, म्हणजे स्विफ्ट कोड, पाठवलाय; तिथंच नऊ लाख टाका. दोन वाजता सीट जाईल. बँकेत फार बोलू नका, ते अडवतात."

त्यांची अश्विनी नर्सिंग शिकायला जर्मनीला निघाली होती. त्यात उद्या अवस, आणि अवसेला घरातली लक्ष्मी बाहेर काढायची नाही, हा तायड्यांचा नेम. म्हणजे आजच! जळगाव जामोदच्या बँकेत शिरताना त्यांनी लेकीला बाहेरच्या बाकावर बसवलं.

"तू अठीच बस. पैशाचं काम बाप्यांचं असते."

आत काउंटरवरच्या मुबीना मॅडमनी फॉर्म वाचला आणि त्या थबकल्या.

"काका, हा कोड कोनं देला?"

"एजंट साहेबानं. काऊन?"

"कोडातलं पाचवं-सहावं अक्षर देश सांगते. जर्मनीचं डी-ई पाह्यजे. हे दुसऱ्याच मुलखाचं हाय. कॉलेजचं पत्र कुठी हाय?"

"पोरीजवळ."

"मंग पोरीले बाहीर काऊन बसवलं?"

निवृत्तींनी दाराशी जाऊन लेकीला हाक मारली. खिशात मोबाईल पुन्हा वाजू लागला.

अश्विनी आत आली. पत्रातला कोड वेगळाच होता. तिनं पत्रावरच्या नंबरला फोन लावला, जर्मन भाषेत विचारलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, त्यायनं बँक बदललीच नाही! अन् आज दोनची मुदतबी नाही."

"परवा संग्रामपूरची एक माय आली होती, पैसे गेल्यावर," मुबीना मॅडम हळूच म्हणाल्या. "आम्ही तिकडच्या बँकेले लिहिलं. अजून जवाब नाही."

लेकीचं सारं पुढलं आयुष्य एका सहीवर आलं होतं! त्यांनी फॉर्म फाडला, नवा घेतला आणि पेन अश्विनीच्या हाती दिलं.

"तूच भर माय. म्या तुलेच इचाराले पाह्यजे होतं."

"पण बाबा, कॉलेजचं लेखी उत्तर उद्या येईन, अन् उद्या अवस..."

"असू दे अवस! तुह्यी खात्री पटली का मंगच पाठवू."

मोबाईल वाजतच होता. या वेळी अश्विनीनं उचलला. "तुमचं नाव काय?" तिनं विचारलं. पलीकडे क्षणभर कुणाचा तरी श्वास ऐकू आला, मग फोन कटला.

वाचकहो, तो आवाज आज दुसऱ्या कुणाच्या कानाशी असेल. परदेशी पैसा पाठवताना कोड मूळ पत्राशी ताडून पाहा, शंका आली तर थांबा. आणि ज्या लेकीसाठी तो पैसा जातोय, तिला सगळ्यात आधी विचारा.