टिकली आणि खिडकीतलं झाड

उल्का साळवेने दिवाळी संपताच घरात सांगून टाकलं की या नाताळला झाड लागणार, आणि ते पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीत लागणार. विश्वास, तिचा नवरा, त्यावर नुसतं "बघू" म्हणाला. त्याचं "बघू" म्हणजे काय हे तिला लग्नाच्या इतक्या वर्षांनंतर चांगलं ठाऊक होतं.

साळवे कुटुंब मूळचं नगरचं. विश्वास बँकेत नोकरीला, त्याची बदली झाली आणि ब्याण्णवच्या उन्हाळ्यात ते लखनौला आले. गोमती नगरात तेव्हा निम्मे प्लॉट रिकामे होते. त्यांनी रस्तोगी नावाच्या गृहस्थांच्या घराचा तळमजला भाड्याने घेतला. वर मालक, खाली हे. त्याच वर्षी डिसेंबरात शहरात कर्फ्यू लागला आणि विश्वास म्हणाला, यंदा झाड नको. पुढच्या वर्षी कर्फ्यू नव्हता, तरी तो म्हणाला, नवी वस्ती आहे, कशाला उगाच नजरेत यायचं? चर्चला ते जात, पण स्कूटरवर, कुणाला काही न सांगता. करंज्या होत, पण शेजारी वाटल्या जात नसत. नगरला त्यांच्या गल्लीत दारोदार ताटं फिरायची. उल्काला ते आठवलं की घास गिळवत नसे.

नोव्हेंबरात त्यांच्या मुलीने, सानिकाने, शेजारच्या बांधकामावरून कुत्र्याचं एक पिल्लू उचलून आणलं. त्याची आई वाळूच्या ट्रकखाली गेली होती. "मम्मी, ठंड में मर जाएगी," एवढंच ती म्हणाली. ती घरातही अशी हिंदीतच बोलायची. पिल्लाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून उल्काने तिचं नाव टिकली ठेवलं.

डिसेंबर लागताच उल्का स्वतः नर्सरीत गेली आणि तिच्या कमरेपेक्षा उंच मोरपंखीचं झाड कुंडीसकट रिक्षात घालून घेऊन आली. माळ्यावरचा खोका काढला. त्यात तिच्या आईकडचे काचेचे गोळे होते. संध्याकाळी झाड सजलं, आणि जेवणं व्हायच्या आत टिकलीने खालची फांदी दातात धरून ते आडवं केलं. चार गोळे फुटले. वरच्या मजल्यापर्यंत आवाज गेला असणार.

उल्काने काच वेचली, सांडलेली माती कुंडीत भरली आणि झाड पुन्हा उभं केलं. दुसऱ्या दिवशी टिकलीने कुंडी उकरली. तिसऱ्या दिवशी ती दिव्यांच्या माळेची वायर चावत होती, सानिकाने तिला वेळेवर ओढलं. उल्का प्रत्येक वेळी काहीतरी नवीन करत गेली. कुंडी लोखंडी घमेल्यात ठेवून भोवती विटा रचल्या. मातीवर गिट्टी पसरली. वायर खिडकीच्या वरून आणली आणि माणसं खोलीत नसताना प्लग काढून ठेवायचा नियम केला. काच सगळी वर चढवली आणि खाली जुन्या साडीच्या चिंध्यांचे गोळे बांधले, की ओढले तरी काही बिघडू नये. टिकली झाडाकडे गेली की "नाही" म्हणायचं आणि लांब राहिली की पोळीचा तुकडा द्यायचा, हे सानिकाने मनावर घेतलं. झाडच काढून टाक की, म्हणून चिडवणाऱ्या शेजारणीला उल्काने सांगितलं की बाळ रांगायला लागलं म्हणून कुणी घरातला स्टो फेकून देत नाही.

तरी एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली. झाडावर चंदेरी झिरमिळ्या होत्या, आणि एक दिवस टिकली ओकायला लागली. तिच्या तोंडातून चमकीचा दोरा लोंबत होता. सानिका तो ओढणार होती, उल्काने तिचा हात धरला. पिल्लाला शालीत गुंडाळून ती रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, ओढला नाहीत हे फार चांगलं केलंत, आतडं कापलं गेलं असतं. त्यांनी दोरा जिथे दिसत होता तिथे कापला, औषध पाजलं आणि वाट बघायला सांगितलं. दीड दिवस टिकली कोपऱ्यात पडून होती. मग पोटातलं सगळं बाहेर पडलं आणि तिने दूध चाटलं.

विश्वास बँकेतून आला तेव्हा उल्का झाडावरच्या झिरमिळ्या एक एक करून काढत होती. त्याला वाटलं ती झाडच काढते आहे. तो म्हणाला, "बरं झालं. मुक्या जिवाशी खेळ नको. मी ते मागच्या खोलीत नेऊन ठेवतो. तिथे दार बंद राहील, कुत्रीही सुरक्षित आणि झाडही."

बोलणं बरोबर होतं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर उल्काने ऐकलंही असतं. पण त्याच्या आवाजातली सुटका तिला ऐकू आली.

"टिकलीच्या खांद्यावर बंदूक ठेवू नका," ती म्हणाली. "ती आली महिन्यापूर्वी. झाड तुम्ही दोन वर्षं आधीच बंद केलंय."

विश्वासने हातातली बॅग खाली ठेवली.

"चमकी माझ्या चुकीने राहिली. ती मी काढली. पण मागच्या खोलीत काय आहे? ट्रंका आणि गाद्या. आपण तिथे ठेवायचं झाड? मी पिल्लू पण सोडणार नाही आणि खिडकी पण सोडणार नाही. तुम्हाला भीती वाटते तर भीती वाटते म्हणा, मी समजून घेईन. पण कारण खरं द्या."

विश्वास बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. थंडीत बराच वेळ राहिला. रात्री जेवताना एवढंच म्हणाला, की भीती वाटते. उल्का म्हणाली, मलाही वाटते. मग तिने नायलॉनची दोरी घेतली आणि झाडाचा बुंधा दोन बाजूंनी खिडकीच्या गजांना आवळून बांधला.

नाताळच्या आदल्या दिवशी ती करंज्या तळत असताना रस्तोगी खाली आले. माणूस वाईट नव्हता. गोड बोलायचे, लखनौचेच. विश्वासने त्यांना बसवलं. स्वयंपाकघरात सगळं ऐकू येत होतं. रस्तोगी आधी धुक्याबद्दल बोलले, मग टिकलीच्या तब्येतीबद्दल. मग म्हणाले की कॉलनीतले दोन-चार लोक विचारत होते, खाली कोण राहतं. आपल्याला काही नाही, पण लोकांच्या तोंडाला कोण लागणार? झाड आतल्या खोलीत घेतलं तर बरं.

"किसी को बुरा भी नहीं लगेगा," ते म्हणाले. "कह दीजिएगा, कुत्ता गिरा देता था, इसलिए हटा लिया."

उल्काने झारा खाली ठेवला. ती बाहेर जायला निघालीच होती. पण विश्वासचा आवाज आला, आणि तो नेहमीचा नव्हता.

"नहीं साहब. कुत्ता अब नहीं गिराता," तो म्हणाला. "पेड़ बंधा हुआ है. यहीं रहेगा."

रस्तोगी हसले. त्यांना वाटलं, साळवेंना नीट कळलं नाही. त्यांनी पुन्हा समजावलं, घर त्यांचं आहे, राहायचं त्यांना इथे आहे, साळवे तर उद्या बदलीवर जातील.

"घर आपका है," विश्वास म्हणाला. त्याची हिंदी मोडकी होती आणि घाबरला की आणखी मोडायची. "पण किराया हम खिड़की का भी देता है. लोग पूछे तो बोलिए, साळवे रहता है, ईसाई है, नगर का है. मैं खुद भी बोलेगा."

रस्तोगी उठले. मग रस्तोगींनी थंडपणे सांगितलं की मुलीची परीक्षा झाली की दुसरं घर बघा. विश्वास म्हणाला, बघू. या वेळी त्या "बघू"चा अर्थ वेगळा होता. उल्काने एका ताटलीत गरम करंज्या घातल्या आणि स्वतः रस्तोगींच्या हातात दिल्या. त्यांना घ्याव्या लागल्या.

दार लावल्यावर विश्वास खुर्चीत बसला. उल्का शेजारी बसली. संध्याकाळ झाली तशी त्याने प्लग लावला आणि पडदा पूर्ण बाजूला सारला. रस्त्यावरून जाणारी मुलं थांबून बघायला लागली. टिकली त्यांच्यावर भुंकत राहिली.

मार्चअखेर ते घर शोधायला लागले. इंदिरा नगर, अलीगंज, महानगर या वस्त्यांतून सुट्टीच्या दिवशी तिघंही स्कूटरवर हिंडायचे. प्रत्येक दारात विश्वास बेल वाजवायचा आणि खोल्या बघायच्या आधीच बोलून मोकळा व्हायचा. आम्ही ख्रिश्चन आहोत. घरात कुत्री आहे. डिसेंबरात पुढच्या खोलीत झाड लागतं आणि ते रस्त्यावरून दिसतं. चालत असेल तर घर दाखवा.

काही दारं तिथल्या तिथे बंद झाली. एका ठिकाणी मालकाने विचार करून सांगतो म्हटलं, आणि विश्वासने उलट सांगितलं, नको, आम्हीच विचार केला. अलीगंजला एका म्हाताऱ्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा वर केला आणि विचारलं, कुत्री रात्री भुंकते का?

"भुंकते," विश्वास म्हणाला.

"अच्छा है," त्या म्हणाल्या आणि किल्ल्या आणायला आत गेल्या.