पानं नसलेलं फूल

बाळीच्या तोंडात बोट घालून आईने जे बाहेर काढलं, ते लाळेत भिजलेलं अर्धं पांढरं फूल होतं. उरलेलं अर्धं गिळून बाळी मोकळी झाली होती आणि चारही दात दाखवून हसत होती. दिवसभर डोळ्यांत तेल घालून पोरीला जपणारी ही आई. दोरीवरची दुपटी काढायला पाठ वळवली काय, पोरीने डाव साधला.

फूल कुंपणाजवळच्या सावलीतलं. गेल्या वर्षी सासऱ्यांनी जंगलातून दोन पोती पानमाती आणून तिथे पसरली होती. त्यातून यंदा न लावता सहा बारीक दांडे वर आले. वर फुलं, खाली पान एकही नाही. नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. जन्मभर शिंपीकाम केलेले सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला ते असे दाखवायचे, जसे काही स्वतःच बेतून शिवलेत.

फोनवर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "उलटी? सुस्ती?"

"नाही. हसतेय."

"मग घाबरू नका. पण पोटात काय गेलंय ते कळायला हवं. तासाभरात झाडाचं नाव सांगा, नाहीतर तिला घेऊन या. दवाखान्यात ठेवून घेऊ. मधे काही वेगळं वाटलं तर तासाचीही वाट बघू नका."

एक तास. तिने पदर खोचला.

"अगं, फूल खाऊन कोणाला काही होतं का," सासरे म्हणाले. "हिचा बाप या वयात चपला चघळायचा."

"चपलेचं नाव माहीत होतं, बाबा."

बाळीला कडेवर घेऊन तिने दांड्यांचे फोटो काढले आणि कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना पाठवले. वर्गात शेवटच्या बाकावर बसून या विषयात ती जेमतेम पास झाली होती. मॅडमना ती आठवेल याचीही खात्री नव्हती. पण आता लाजून कसं चालेल? पाच मिनिटांत फोन आला.

"फुलं मिटलेली आहेत गं तुझी. नीट दिसत नाहीत. पानं कुठायत?"

"नाहीतच. आलीच नाहीत."

मॅडम म्हणाल्या, "आधी फूल, मागून पान, ही रानकांद्याची रीत. त्याचा कांदा विषारी असतो."

ती दाराकडे वळली. "मग निघू दवाखान्यात?"

"निघायची तयारी ठेव. पण फोटोवरून शपथ घेणार नाही मी. मुळाशी बघ. कांदा निघाला तर एक क्षण थांबू नकोस. बोटांसारखी जाड मुळं निघाली तर गोष्ट वेगळी."

तिने पिशवीत दुपटी भरली, पिशवी दाराशी ठेवली आणि बाळीला सासऱ्यांच्या मांडीवर दिलं. खुरपं घेऊन दांड्याशी उकिडवी बसली.

"उपटतेस की काय?" सासरे कळवळले. "सहाच आहेत."

"पोरगी एकच आहे."

तिने खुरपं मातीत घातलं.

माती बाजूला करताना दांड्याच्या बुडाशी तिच्या बोटाला काहीतरी टोचलं. हिरवे, चपटे खुंट. एकेका दांड्याभोवती पाचसहा. वरची टोकं सरळ रेषेत छाटलेली. गोगलगाय असं खात नाही, गायही नाही. तिने मान वळवून सासऱ्यांकडे पाहिलं.

"बाबा, सकाळी इथे कात्री तुम्ही चालवता?"

"गवत काढतो. फुलांभोवती किती माजलं होतं. लोंबते धागे ठेवून कोणी कपडा गिऱ्हाइकाला देतं का?"

"ते गवत नव्हतं. याचीच पानं होती."

सासऱ्यांनी बाळीच्या डोक्यावरून हात फिरवला. "दिसायला गवतच होतं," ते हळूच म्हणाले.

म्हणजे पानं होती. मॅडमच्या तर्काचा पायाच निसटला होता; पण अंदाजाने तिचं समाधान होणार नव्हतं. ती खणत राहिली. नखांत माती गेली, दांडा कलला आणि शेवटी अख्खं झाड हातात आलं. मुळाशी कांदा नव्हता. पांढुरकी, जाडसर मुळं होती, मुठीतून सुटलेल्या बोटांसारखी. छाटलेल्या पानांसकट तिने फोटो पाठवले.

"मुसळी," मॅडम म्हणाल्या. "रानात सावलीत असतेच. कोवळी पानं लोक शिजवून खातात. हे डॉक्टरांना माझ्या नावानिशी सांग."

डॉक्टरीणबाईंनी नाव लिहून घेतलं, दोन प्रश्न विचारले. "घरीच राहू द्या. संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा."

तिने झाड पुन्हा मातीत बसवलं, पाणी घातलं, हात धुतले. सासऱ्यांना वाटलं, सुटलो. ते बाळीला गवतावर सोडायला वाकले.

"थांबा," ती म्हणाली. तिच्या हातात वही होती. "त्या टोकापासून सुरुवात करू. हे कुठलं?"

"कर्दळ."

"हे?"

"शेवंती. अगं, हे तर तुलाही माहीत आहे."

"आणि हे, निळं?"

सासऱ्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं, पुन्हा पुसला. "हे... हेही आपलं आपणच आलंय."

"मग बाळीला कडेवरच राहू द्या," ती म्हणाली आणि खुरपं उचललं.