दादांचा नकाशा आणि मेमरीच्या चार पट्ट्या

आमच्या धाकट्या बहिणीने साठाव्या वर्षी लग्न केले, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्नाला महिना होतो न होतो तोच आमच्या गल्लीत रस्त्याखालची पाण्याची मोठी लाइन फुटली. नेमकी कुठे फुटली ते कळेना. पाणीखात्याचे जुने नकाशे गोदामात भिजून त्यांचा लगदा झाला होता. म्हणून खात्याने अख्खी गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत खणायचे ठरवले.

माझे थोरले भाऊ त्याच खात्यात चौतीस वर्षे सर्व्हेअर होते. दादा म्हणाले, "सगळी गल्ली कशाला उकरता? लाइन लॉन्ड्रीपाशी वळते. वळणावर जोड आहे, तोच गेला असणार."

पण त्या दिवसांत दादा माणसांची नावे विसरू लागले होते. शेजाऱ्याला त्यांनी दोनदा पोस्टमन समजून पत्र विचारले होते. त्यामुळे लोक तोंडावर "हो हो" म्हणायचे आणि पाठ वळली की हसायचे. लॉन्ड्रीवाला तर न लपवता हसायचा. दादांना ते कळत होते. दोन दिवस ते अर्ध्या जेवणावरून उठले.

खात्यातली नवी इंजिनिअर मुलगी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "आजोबा, तोंडी सांगण्यावर मला खड्डा मारता येत नाही. पूर्ण लाइन एका नकाशात दाखवा. सोमवारी अकराला येते, पंधरा मिनिटं आहेत. मंगळवारी मशीन लागणार."

नकाशा होता. दादांनी नोकरीत असताना स्वतःच्या हाताने उतरवून घेतलेले बासष्ट कागद होते. त्यांच्या मुलीने, आमच्या चिमीने, ते स्कॅन केले होते आणि निवृत्तीनंतर दादा एकेक कागद कॉम्प्युटरवर जोडत बसले होते. पण चाळिसाव्या कागदाच्या आसपास कॉम्प्युटर मान टाकायचा. बारा वर्षांचे ते धूड. जोडणीचा प्रोग्राम त्याहून जुना, तो दुसऱ्या कशावर चालेना. पूर्ण नकाशा खुद्द दादांनीही कधी पाहिला नव्हता.

शुक्रवारी चिमी तिच्या कॉलेजने मोडीत काढलेल्या कॉम्प्युटरांतल्या मेमरीच्या चार पट्ट्या रीतसर मागून घेऊन आली. कंगव्याएवढ्या हिरव्या पट्ट्या, एका कडेला सोनेरी दात. माझे घड्याळदुरुस्तीचे दुकान, म्हणून बारीक स्क्रूड्रायव्हरसकट मला बोलावणे आले.

वहिनी म्हणाल्या, "चार आणल्यास ना गं? त्यातली एक तुझ्या बाबांना बसव."

"मला काय झालंय?" दादा म्हणाले.

"काल मला ताई म्हणालात."

दादाही हसले. जुन्या पट्ट्या काढून आम्ही नव्या बसवल्या आणि बटण दाबले. पडदा काळा, आणि आतून नुसते पीं-पीं-पीं. एकेक पट्टी लावून पाहिली तेव्हा तीन शहाण्या निघाल्या, चौथी मुकी. तिचे दात काळवंडले होते. मी पेन्सिलीने लिहितो, त्यामुळे खोडरबर खिशात असतोच. हलक्या हाताने दात घासले, फुंकर मारली, पट्टी खाच्यात टक्कन बसवली. या वेळी पडदा उजळला. चार जीबीची मेमरी सोळा झाली आणि बासष्टच्या बासष्ट कागद एका पडद्यावर उघडले.

दादा खुर्ची पुढे ओढून नुसते बघत राहिले.

पण नकाशा पुढे सरकेना. मी घड्याळ लावले. एक कागद सरकायला अकरा सेकंद. बासष्ट कागदांना साडेअकरा मिनिटे. मग बोलायचे कधी?

"चार पट्ट्या एकदम लावल्या म्हणून तो जपून, हळू चालवतोय," चिमी म्हणाली. "एक हजार सहासष्टवर आहे. वेग आपल्या हातानं वाढवता येतो."

"वाढव मग," दादा म्हणाले.

चिमी लहानपणापासून पायऱ्या दोन-दोन चढणारी. तिने सेटिंगमध्ये जाऊन सगळ्यात वरचा आकडा लावला, अठराशे सहासष्ट. कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला तो पंख्यापुरताच. पडद्यावर काही येईना. तीनदा केले, तेच.

"बाबा, मी घाई केली," ती म्हणाली आणि रडवेली झाली. दादा उठून कागद पुन्हा नळकांड्यात भरू लागले. ते मला बघवेना. मी भिंग डोळ्याला लावून आत डोकावलो. बोर्डावर नाण्याएवढा गोल सेल होता.

"हा कशासाठी गं?"

"वीज नसताना सेटिंग लक्षात राहावं म्हणून."

"मग काढू तो. जरा विसरू दे त्याला."

वायर उपटली, चिमट्याने सेल काढला आणि आम्ही चहा प्यायलो. दहा मिनिटांनी सेल परत बसवला तर स्वारी जागी झाली आणि नुकते जन्मल्यासारखी तारीख विचारू लागली. दादांनी न अडखळता तारीख, महिना, साल सांगितले.

"आता माझ्या पद्धतीनं," मी म्हणालो. "घड्याळ मागं पडत असेल तर आम्ही काटा एक रेघ सरकवतो आणि दिवसभर बघतो."

"काका, दिवस दोनच आहेत!"

"मग अर्धा-अर्धा दिवस बघू."

शनिवारी एक पायरी, तेराशे तेहतीस. मेमरी तपासणारा प्रोग्राम दुपारपर्यंत चालवला. चूक एकही नाही. रविवारी सकाळी सोळाशे. तासाभरात दोन लाल ओळी आल्या.

"दोनच तर आहेत," चिमी म्हणाली.

"दोन चुका म्हणजे खड्डा दुसऱ्याच्या दारात," दादा म्हणाले. "चालणार नाही."

तिने पट्ट्यांना वीज किंचित वाढवून दिली. मी कॉम्प्युटरचा डबा उघडा ठेवून टेबलफॅन समोर लावला आणि दर तासाला पट्ट्यांजवळ बोट नेऊन ऊब पाहिली. दिवस मावळेपर्यंत एकही लाल ओळ नाही. एका कागदाला साडेसात सेकंद. पूर्ण लाइन पावणेआठ मिनिटांत.

सोमवारी अकराला ती मुलगी आली. माऊस दादांनी स्वतः धरला. तिचे नाव त्यांना आठवले नाही, पण पंपघरापासून ते निघाले ते एकाही व्हॉल्व्हला अडखळले नाहीत. कॉम्प्युटरही अडखळला नाही. लॉन्ड्रीपाशी येऊन दादा थांबले.

"इथं वळते. दुकानाच्या पायरीपासून नऊ फूट."

"खोली किती?"

"पाच. वर विटांचा थर लागेल. मीच घालायला लावला होता."

तिने फोटो काढला आणि तिथूनच फोन लावला. "मशीन थांबवा. उद्या एकच खड्डा."

मंगळवारी अख्खी गल्ली खड्ड्याभोवतीच्या कठड्याला लोंबकळून बघत होती. साडेचार फुटांवर विटा लागल्या. त्या काढल्या आणि फुटलेल्या जोडातून पाणी असे उसळले की खणणारे चिंब झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनिअर मुलगी चिखलातून येऊन म्हणाली, "सर, बाकीची लाइनही आम्हाला द्याल?" चौतीस वर्षांत दादांना त्या खात्यात कोणी सर म्हटले नव्हते.

लॉन्ड्रीवाला पुढे आला. "दादा, वर्षभर तुमचे कपडे माझ्याकडे. फुकट."

दादांनी त्याच्याकडे नीट पाहिले. "आपण कोण?"

गल्ली हसून लोटपोट झाली. दादा खरेच विसरले होते की त्याची जिरवत होते, ते आम्हाला आजवर कळलेले नाही. घरी येताना मात्र ते माझ्या खांद्यावर हात टाकून शीळ घालत होते, आणि रात्री पोटभर जेवले.

दादा त्यानंतर दोन वर्षांनी, मार्च महिन्याच्या नऊ तारखेला, दुपारच्या झोपेत वारले.