अम्मांच्या निरोपावरचा अंगठा

या मित्रांनो, जरा जवळ सरका. माझा आवाज आता खरखरतो, पण एक गोष्ट आहे, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय सोडत न्हाई.

मी एक जुना मोबाइल आहे. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते ठाऊक न्हाई. डोळं उघडलं ते सांगलीच्या दुकानात. रुचिरानं पहिल्या पगारातनं मला घेतलं. तवा काय माझे लाड! मऊ कापडानं पुसायची, उशाशी ठेवायची. आता काचेला तडा गेलाय, तरी चालतोय.

नोकरीपायी ती चेन्नईला आली, मीबी आलो. तिथंच तिचं व्यासराजशी लगीन झालं. तो तंजावरकडच्या मराठी घरातला. लगीन झालं आन् त्याच्या कंपनीनं त्याला जर्मनीला धाडलं. त्याची आई, कनका अम्मा, चेन्नईतच अड्यारला एकटी. रुचिरा पोरूरला राहते, कंपनीच्या बसनं श्रीपेरुंबुदूरला जाते.

तिच्या हापिसाचा एक ग्रुप आहे. साहेबानं काही टाकलं की लगोलग 'ठीक'चा अंगठा द्यायचा, न्हाई दिला तर विचारणा होते. रुचिराला त्याची अशी सवय जडली की जिना उतरतानाबी अंगठा. एकदा साहेबाचे सासरे वारले, त्या बातमीलाबी अंगठा! मी लाजलो, पण सांगणार कुणाला?

अम्मा बोलतात मराठी, पण शाळा तमिळ. म्हणून मराठी लिहितात ती तमिळ अक्षरांत. रुचिराला ते अक्षर येत न्हाई. अम्मा रोज देवळाचे फोटो, तमिळ सुविचार पाठवायच्या, ही अंगठा द्यायची. असाच एक निरोप सोमवारी आला. मीटिंग चालू होती. अंगठा गेला.

शुक्रवारी बसमध्ये पुन्हा मी वाजलो. रुचिराचा अंगठा वर आला, तेवढ्यात शेजारी बसलेल्या, हापिसातल्या रंजनीनं हात धरला. ती तमिळ, दोघी इंग्रजीत बोलतात; मी तुम्हाला मराठीत सांगतो.

"वाचतेस तरी काय ग?"

"सुविचार असेल. तूच वाच, तुझी भाषा आहे."

रंजनीनं वाचायला घेतलं आन् भुवया चढवल्या. "अय्यो! अक्षरं आमची, पण हे तमिळ न्हाईच!"

"वाच तर खरं. मोठ्यानं."

ती अडखळत वाचू लागली. तिला एकही शब्द कळत नव्हता. रुचिराला सगळे कळत होते.

"मी तयार होऊन बसले. तू कधी येतीस?"

"वरचं वाच. सोमवारचं."

"शुक्रवारी डोळ्याचं आपरेशन. व्यासास सांगू नको, तो धावत येईल. तू सांगाती येतीस काय? मज भय वाटतं."

त्याखाली हिचा अंगठा.

रुचिरा वाटेत पूनमल्लीलाच उतरली, रिक्षा केली. ग्रुप मला बडवत होता. तिनं ढुंकून बघितलं न्हाई. मला कानाला लावून म्हणाली, "अम्मा, आले. निघू नका एकट्या."

अड्यारला अम्मा पिशवी घेऊन फाटकात उभ्या. "ये ग. अंगठा आला तेव्हाच शेजारच्या विजयालक्ष्मीस दाखवला. म्हटलं, सून येती माझी."

रुचिराचे डोळे भरले. "अम्मा, मला वाचताच आलं नव्हतं. तसाच अंगठा दिला."

अम्मांनी पिशवी खाली ठेवली. "मग आज कोणी वाचलं?"

"रंजनीनं वाचलं, मी ऐकलं."

"बरं झालं. दोघी मिळून एक शहाणी झालात!" म्हणत त्यांनी तिचा हात जो धरला, तो आपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत सोडला न्हाई.

आता अम्मा बोलून निरोप धाडतात. माझा आवाज खरखरतो, तरी रुचिरा कान लावून शेवटपर्यंत ऐकते. त्या निरोपांपायी ती मला टाकत न्हाई.

तर मित्रांनो, एवढं ऐका माझं. कुणाच्या तरी निरोपावर तुमचाबी नुसता अंगठा पडून असंल. तो निरोप उघडा. वाचता येत नसंल तर शेजारच्याकडनं वाचून घ्या. तुमच्या मोबाइलची काच पुसायची राहिली तरी चालंल.